उडायला पाय लागत नाहीत

वायरमनदादा खांबावर चढला की आधी तारा बघायचा नाही, गाव बघायचा. टोकावड्याच्या स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आणि समोरच तो खांब. लाइन बंद केल्याचा फोन येईपर्यंत तो माझ्या बाकावर बसायचा, आणि काम उरकलं की चहालाही तिथेच. लाइट नाही म्हटल्यावर माझं मशीनही बंद. अशा रिकाम्या दुपारींत आम्ही दोघांनी मिळून माणसं उडतात असं एक जग रचलं.

सुरुवात माझी होती. माझा उजवा पाय जन्मापासून बारीक. कुबडीशिवाय मला दुकानाची पायरीही उतरता येत नाही. "वरनं माणसं कशी दिसतात रे, दादा?" असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "सगळी सारखीच दिसतात गो. लंगडं कोन, धड कोन, काय कळत नाय." त्याच दिवशी मी दोनशे पानी वही काढली.

"पटत नाय" हे त्याचं पालुपद. माणसांना हातांच्या जागी पंख फुटले असं मी लिहिलं, तर म्हणे, "पटत नाय. मग भाकरी कशानं थापायची?" मग आम्ही पंख काढून टाकले आणि हवाच पेजेसारखी दाट केली. दाट हवेत जाळ भडकेल म्हणून चुली घराबाहेर नेल्या. घरांची दारं छपरात आली. बांधावरून भांडणारे भाऊ आपापल्या शेतावरच्या आभाळासाठी भांडू लागले. ते मात्र त्याला लगेच पटलं.

भातावर आम्ही महिनाभर अडून बसलो. "उडाया येतं, तर चिखलात वाकंल कोन? भात कोन लावंल?" तो रोज विचारायचा. शेवटी मी नियम काढला: भिजलेल्या माणसाला उडता येत नाही. आणि पाऊस आपल्या मुरबाडचा; म्हणजे चार महिने सगळे जमिनीवर! दादा मांडीवर थाप मारून हसला. "लागला गो भात!" आजही कुणी माझ्यासमोर मोठमोठ्या गोष्टी करू लागलं की माझ्या तोंडून "भात कोण लावील?" हे निघतंच.

सगळ्यात जुना नियम मात्र माझा, पहिल्या पानावरचा. बसल्या जागी श्वास भरायचा आणि वर जायचं. उडायला पाय लागत नाहीत. त्यावर तो कधीच "पटत नाय" म्हणाला नाही. उलट माझ्या हातातून पेन घेऊन त्याने त्या ओळीखाली रेघ मारली होती. वहीतली माझी लंगडी मुलगी तशीच बसल्या जागेवरून उडायची. बाकीची सगळी वही मी त्या एका ओळीसाठी लिहीत होते.

मग त्याची शहापूर तालुक्यात, खर्डीला बदली झाली. जाताना त्याने वही मागितली. "साफ लिवून काढतो. नाव दोघांचं घालू." मी आनंदाने दिली. एवढी अक्कल गहाण ठेवली होती मी.

यंदा दिवाळी झाल्यावर शाळेतले मराठीचे सर एका दिवाळी अंकातली चार पानं घेऊन आले. "वाचा ताई, आपल्या वायरमनने काय लिहिलंय!" वर नाव एकट्याचं होतं. ते लागलं, पण तेवढं मी गिळलं असतं. पेजेसारखी हवा होती, छपरातली दारं होती, भिजून जमिनीवर बसलेलं गाव होतं. तिसऱ्या पानावर मात्र एक टेकडी आली. तिच्यावरून सगळे सात पावलं धावतात आणि उडतात. खाली एक लंगडी मुलगी बसलेली असते, उडणाऱ्यांच्या चपला सांभाळत.

सरांना वर्गासाठी तीस प्रती हव्या होत्या. मी काढून दिल्या. मशीनमधून तीस वेळा ती मुलगी बाहेर आली.

संध्याकाळी मी त्याला फोन लावला. "दादा, नियम का बदललास?"

"धावल्याबिगर उडनं लोकांना पटत नाय गो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात जराही ओशाळलेपण नव्हतं, तेच मला सहन झालं नाही. "पन तुझी पोरगी सगळ्यांना आवडली बघ. वाचून लोकं रडली."

"ती उडत होती, दादा."

तो म्हणाला, "ते पटलं नसतं."

मी फोन ठेवला. वरून सगळी सारखीच दिसतात असं मला ज्याने सांगितलं, त्यानेच मला चपलांपाशी बसवलं. हा राग जाणार नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

परवा नवी वही आणली. पहिली ओळ तीच लिहिली आणि तिच्याखाली रेघही मीच मारली. मग सवयीने मान वर करून समोरच्या खांबाकडे पाहिलं.