उजव्या खिडकीचा पडदा

बोरीच्या रस्त्यावरचा तो अपघात माझ्यामुळे झाला, हे मी सव्वीस वर्षे कुणालाच सांगितले नाही. परवा मुलाने ऊन अडवायला जीपच्या खिडकीत टॉवेल अडकवला, आणि मी खाली उतरलो.

निजामी अमलात मी जिंतूरच्या एका वकीलसाहेबांची मोटार चालवत असे. त्या दिवशी मी एकटाच परभणीला निघालो होतो. मावळतीचे ऊन उजव्या डोळ्यात घुसू लागले, म्हणून साहेबांच्या पत्नीवर, बेगमसाहेबांवर, परक्याची नजर पडू नये यासाठी मागे लावलेला गोषाचा हिरवा पडदा काढून मी माझ्या खिडकीला लावला. त्याला अत्तराचा मंद वास होता. डोळे निवले, पण उजवीकडून येणारी, बोरीच्या महादाप्पाची भाड्याची बैलगाडी दिसली नाही. मोटार धडकली आणि बैलाचा पाय मोडला.

"बैल बुजला," मी साहेबांना सांगितले.

"माजा बैल बुजत न्हाई, साहेब. लेकरं झोपत्यात त्याच्यापाशी," साहेबांकडे दाद मागायला आलेला महादाप्पा म्हणाला. साहेबांनी माझेच खरे मानले. त्याचे बैल बुजतात असा बोभाटा झाला, आणि पुढे लग्नाच्या वऱ्हाडासाठी त्याची गाडी कुणी सांगितली नाही. मला तेव्हा काहीच वाटले नाही, याचेच आज नवल वाटते.

काल बोरीला गेलो. ओट्यावर चार माणसे बसली होती, त्यांच्यात तोही होता. सर्वांना ऐकू जाईल असे मी म्हणालो, "महादाप्पा, तुमचा बैल बुजला नव्हता. मी खोटे बोललो. मला माफ करा."