उभ्या पाण्याची बाग

कामठ्याच्या पुरनलालनं जन्मभर एकच गोष्ट जीव लावून केली, ती म्हणजे धान. कुठं पाहुणा म्हणून गेला तरी यजमानाची तब्येत नंतर विचारायचा. आधी त्याच्या धानाच्या शेतात, बांधीत, पाणी किती उभं आहे ते पाहून यायचा. बांधीत पाणी दिसलं की म्हातारा गार.

मागच्या रोवण्यात, धानाची रोपं लावताना, तो बांधाच्या धुऱ्यावरून घसरला आणि खुब्याचं हाड मोडून बसला. गोंदियात ऑपरेशन झालं, हातात काठी आली. मुलगा टेकचंद बजावून म्हणाला, "बाबूजी, आता बांधीत पाय टाकाचा नाही." पुरनलाल बरं म्हणाला आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला. दिवाळी येऊन गेली तरी भिंतीकडेच. जेवण अर्धं झालं, बोलणं त्याहून कमी.

याची धास्ती घेतली ती सुनेनं, दुर्गेश्वरीनं. तिच्या वडिलांचं अर्जुनी मोरगावला किराणा दुकान होतं. भावानं गल्ला हाती घेतला, वडिलांना म्हणाला, आता आराम करा. त्यांनी आराम केला तो असाच, भिंतीकडे तोंड करून. वर्षाच्या आत गेले. माहेरचा बाप असा गेला, आता सासरचाही जातो की काय, या विचारानं ती दिवसातून दहादा दाराआडून खाटेकडे बघून जायची.

पण सांगणार कशी? सासऱ्याशी थेट बोलायची या घरात सुनेला चाल नव्हती. डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि मामाजींना काही सांगायचं तर सासूच्या तोंडून. सासू रुक्मा गेल्यापासून ती बिचारी मांजराला सांगायची, "जेवण निवून राहिलं बरं का." मग मामाजी उठायचे. मांजर मात्र काही मिळेल म्हणून आशेनं बघत राहायचं.

एक दिवस तिनं गोंदियाहून गुलाबाची रोपं आणली, कुंड्यांत लावून खाटेसमोर मांडली आणि गुलाबांना म्हणाली, "तुमाले पाणी द्याले मले काही वेळ नाही. पाहा बाप्पा तुमचं तुमी."

"खाता येत नाही, विकता येत नाही," पुरनलाल भिंतीला म्हणाला. "कायले लावाचे फुलं?"

दुपारी मात्र काठीचा आवाज आला. दुर्गेश्वरी दाराआडून पाहत होती. म्हाताऱ्यानं एक कुंडी उचलून बघितली. तळाला भोक! बांध फुटलेला पाहून शेतकऱ्याचा व्हावा तसा त्याचा जीव कासावीस झाला. त्यानं चिखल कालवून एकूण एक भोक लिंपलं, कुंड्या काठोकाठ भरल्या आणि पाणी उभं राहिलेलं पाहून समाधानानं झोपला. रोज तसंच. सुनेलाही माहेरी दुकानच ठाऊक. तिला वाटलं, मामाजी पाणी देऊन राहिले, म्हणजे बरंच आहे.

गुलाबांनी थोडे दिवस सोसलं, मग पिवळे पडले आणि मुळापासून कुजले. त्या दिवशी पुरनलाल भिंतीला जे बोलला, ते ऐकून दुर्गेश्वरीच्या हातातलं लाटणं थांबलं. "बांधी गेली ते गेली. आता माह्या हातानं फूलबी जगत नाही."

ती रात्रभर तळमळली. सकाळी मात्र तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हाताऱ्याचा हात चुकला नव्हता. त्या हाताला झाड चुकीचं दिलं होतं. तिनं लगेच भावाला, संजूला, फोन लावला. त्यानं त्यांच्याकडच्या बोडीतून, म्हणजे गावच्या लहान तळ्यातून, कमळाचे कंद काढले आणि ओल्या पोत्यात गुंडाळून आणून दिले. ट्रॅक्टर आल्यापासून अंगणातलं बैलांचं सिमेंटचं टाकं रिकामंच पडलं होतं. दुर्गेश्वरीनं कंद त्याच्या काठावर ठेवले आणि त्यांना म्हणाली, "तुमाले पाणी उभंच लागते म्हणतात. आता कोणाले येते ते काम?"

पुरनलालनं मान वळवली.

"टेकचंद!" कित्येक दिवसांत म्हातारा असा ओरडला नव्हता. "खालच्या बांधीची काळी माती आण!"

मग काय विचारता! स्टुलावर बसून, कोपरापर्यंत हात घालून त्यानं चिखल केला, रोवण्याला करतात तसा, लोण्यासारखा. रुसलेल्या लेकराला निजवावं तसे कंद आडवे निजवले. रोज बोट बुडवून पाणी जोखायचा. पहिलं पान तरंगलं त्या दिवशी पोटभर जेवला, आणि वर भाजी खारट झाली म्हणून कुरकुरलाही. ती कुरकुर ऐकून दुर्गेश्वरीला इतकं बरं वाटलं की तिनं दुसऱ्या दिवशीही मीठ जरा सढळ हातानं टाकलं.

पुन्हा रोवण्याचे दिवस आले. सगळं गाव बांधीत गेलं. म्हातारा काठी टेकत मागोमाग जातो की काय, म्हणून दुर्गेश्वरी धावत अंगणात आली. पुरनलाल टाक्याजवळ बसला होता. समोर कमळ उमललं होतं, गुलाबी, ओंजळभर.

ती दोन पावलं मागे उभी राहिली. म्हातारा तिच्याकडे न पाहता फुलाशी बोलू लागला.

"कमळा, हिच्या बापालेबी कोणी असं एखादं टाकं देलं असतं, त तो माणूस उठला असता गा."

म्हणजे म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं. दुर्गेश्वरीला रडू आवरेना. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला, तो तिनं सावरला नाही. तिनं कमळाकडे पाहिलं नाही, मांजराकडे नाही.

"तुमी उठले ना, मामाजी," ती म्हणाली.