अक्कांचं एकच नाटक

“स्वल्प थांबा हं,” असं म्हणून अक्का उजवा तळहात वर करायच्या आणि मगच उत्तर द्यायच्या. चहा घेणार का विचारलं तरी हेच, आणि आयुष्याबद्दल काही विचारलं तरी हेच. त्या थांबण्यात त्या काय करत असत, कोण जाणे. आम्हां नव्याने बंगळूरला आलेल्यांना वाटायचं, मनातल्या मनात कन्नडचं मराठी करत असतील. तसं मुळीच नव्हतं, हे पुढे कळलं.

त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलंच. राजाजीनगरात थोरल्या भावाचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं आणि मागच्या गल्लीत घर. भावाला त्या अण्णा म्हणायच्या. लग्नानंतर वर्षभरातच नवऱ्याने दुसरा संसार थाटला आणि अक्का माहेरी परत आल्या. सोडचिठ्ठी झाली नाही, भांडण झालं नाही, कुणी न्यायलाही आलं नाही. भावाच्या मुली वाढवणं, वहिनीच्या हाताखाली राबणं आणि शेजारणींच्या साड्यांना फॉल लावून देणं यात वीसेक वर्षं गेली. अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. लग्नाच्या पंगतीत त्या वाढायला असतात, पण फोटोत सहसा नसतात.

मी नव्वदच्या सुमारास नवऱ्याच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीमुळे पुण्याहून आले. आमच्या मराठी मंडळात बहुतेक कारखान्यातली कुटुंबंच. गणपतीनंतर एक नाटक बसायचं. त्या वर्षीचं नाटक असं होतं: बायकोला सोडून गेलेला माणूस पुष्कळ वर्षांनी पश्चात्तापाने परत येतो. ती आता शाळेची मुख्याध्यापिका आहे. तीन अंक दोघांची उलघाल, आणि शेवटी तो दारात उभा राहून विचारतो, “आत येऊ?” त्यावर ती म्हणते, “या.” पडदा.

नायिका होणार होत्या त्या बाईंच्या नवऱ्याची बदली झाली. अक्का तालमीच्या जागी कुणाची तरी साडी द्यायला आल्या होत्या. आमचे दिग्दर्शक कुलकर्णी, म्हणजे माझ्या नवऱ्याच्याच खात्यातले इंजिनिअर, वैतागून म्हणाले की आज नुसतं वाचायला तरी कुणी उभं राहा. अक्का उभ्या राहिल्या. दोन पानं वाचून झाली आणि कुलकर्णींनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

भाषेची अडचण होतीच. घरी अक्का “येत्ये की”, “सरी बिडा”, म्हणजे बरं, राहू दे, असं बोलायच्या, आणि नाटकातली बाई पुण्याची. अक्कांनी ते मराठी परक्या मुलखातल्यासारखं शिकून घेतलं. मी प्रॉम्प्टर होते. भर दुपारी माझ्याकडे येऊन त्या फॉल लावता लावता वाक्यं म्हणायच्या, आणि मी ‘च’ आणि ‘ज’ सुधारायची. संवाद संपला की लगेच त्यांचं नेहमीचं बोलणं सुरू. “सरी, आता चहा टाक.”

भांडण झालं ते फक्त शेवटच्या शब्दावरून. कुलकर्णींचं म्हणणं, तिने रडत धावत यावं. अक्का जागच्या हलत नव्हत्या. कुलकर्णी म्हणाले, “अहो, वीस वर्षं वाट पाहिलीय तिने.”

अक्कांनी हात वर केला. थोड्या वेळाने म्हणाल्या, “वाट पाहिली म्हणून कुणी सांगितलं? ती शाळेत शिकवत होती.”

आम्ही हसलो. कुलकर्णीही हसले, पण मुद्दा सोडला नाही. प्रयोगाच्या दिवशी तो शब्द कसा यावा हे अखेर अक्कांवरच राहिलं.

मी विंगेत पुस्तक घेऊन उभी होते. त्याने विचारलं, “आत येऊ?” आणि अक्का गप्प. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. टेबलावरच्या वह्या सरळ केल्या. खुर्ची भिंतीपासून थोडी पुढे ओढली. त्या विसरल्या असं वाटून मी विंगेतून चांगलं ऐकू जाईल इतक्या मोठ्याने “या, या” म्हणून घेतलं. अक्कांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग दारात आलेल्या कुठल्याही माणसाला म्हणावं तशा, साध्या आवाजात त्या म्हणाल्या, “या.”

पडदा पडल्यावर टाळ्या थांबेनात. अण्णा पहिल्या रांगेत रुमालाने डोळे पुसत होते. माझा नवरा तर नाटकाला झोपायलाच येतो. तोही त्या दिवशी शेवटपर्यंत जागा होता.

प्रेक्षकांत कन्नड मालिका करणारे एक गृहस्थ होते. आठवड्याभरात त्यांचा निरोप आला. नव्या मालिकेत नायकाच्या आत्याचं काम होतं. घरात सगळ्यांना धाकात ठेवणारी, मोठी भूमिका. अक्का माझ्याकडे आल्या, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “चाळिशीत सुरुवात केली तर लोक हसतील का गं?” मी म्हटलं, हसू देत. अण्णाही खूश होते. दुकानात येईल त्याला सांगायचे. अक्कांनी स्वतःसाठी एक साडी घेतली, जांभळ्या रंगाची, आणि तिला फॉल लावताना मला म्हणाल्या की आपल्या साडीला हात जरा हळूच चालतो. इतक्या हसऱ्या अक्का मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या.

चित्रीकरण सुरू व्हायला थोडेच दिवस होते, तेव्हा त्यांचा नवरा आला. आला म्हणजे आणला. त्याच्या एका अंगावरून वारं गेलं होतं. ती दुसरी बाई वारली होती. त्याच्या भावाने त्याला हुबळीकडून गाडीत घालून आणलं, अण्णांच्या घरात खाटेवर निजवलं, एक ट्रंक शेजारी ठेवली आणि संध्याकाळच्या गाडीने तो परत गेला.

दोन दिवसांनी अण्णा म्हणाले की मुलींची लग्नं व्हायची आहेत, अंगणातून माणूस हाकलला म्हणून बोभाटा व्हायला नको. कुलकर्णी सफरचंदं घेऊन भेटायला गेले. मीही सोबत होते. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. ते भारावून म्हणाले, “अक्का, दुसरी संधी काय असते ते तुम्हीच आम्हाला दाखवलंत.”

अक्का सफरचंदं ताटात लावत होत्या. या वेळी हात वर केला नाही.

“नाटकात त्याला पश्चात्ताप झालेला असतो,” त्या म्हणाल्या. “तो लेखकाने लिहिलेला असतो. इथे कुणी लिहिलाय?”

कुलकर्णी चपला घालायला उठले. आम्हाला फाटकापर्यंत पोचवायला आल्यावर त्या मला हळूच म्हणाल्या, “‘या’ म्हणायचीसुद्धा पाळी आली नाही गं. मी भाजी घेऊन आले, तर आत होता.”

तरीही त्या चित्रीकरणाला गेल्या. एक दिवस. जांभळी साडी नेसून, सकाळी वहिनीला सगळं समजावून. संध्याकाळी परत आल्या तर नवरा ओल्या अंथरुणात तसाच पडलेला. वहिनीने शिवायचं नाकारलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिने का शिवावं? अक्कांनी साडी बदलली, पाणी तापवलं, त्याला पुसून कोरडं केलं. तो सगळा वेळ वाकड्या तोंडाने शिव्या देत होता. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या नाहीत. मालिकेत आत्याला काशीला पाठवून दिलं, असं नंतर कळलं.

घरात कुरबुर वाढली, तेव्हा अण्णांनी आनेकलला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. भाडं कमी, आणि राजाजीनगरपासून लांब. शेजारी सगळे तिथल्या कारखान्यांतले कामगार. अक्का तिथेही फॉल लावायच्या, लोणची घालून द्यायच्या. अधूनमधून मी बसने जायची. दारात बसलं की आतून त्याची हाक यायची, आणि बोलता बोलता त्या उठायच्या. एकदा न राहवून मी विचारलं की तो कधी काही म्हणतो का, मागचं काही.

“म्हणतो की,” अक्का म्हणाल्या. “मीठ कमी आहे म्हणतो.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत, म्हणून मीही थांबले.

चारेक वर्षांनी मंडळाने तेच नाटक पुन्हा करायचं ठरवलं. अक्कांनी यावं म्हणून कुलकर्णींनी मला आनेकलला पाठवलं. मी म्हटलं की रविवारी तालीम ठेवू, गाडी पाठवू, यजमानांजवळ बसायला बाई बघू. अक्का वाळत घातलेल्या चादरी काढत होत्या. केस पुष्कळ पांढरे झाले होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं की दुसरं कोण आहे करणारं. मी एका तरुण मुलीचं नाव सांगितलं.

“तिलाच दे,” त्या म्हणाल्या. “मला आता ते खरं वाटणार नाही.”

मी आग्रह केला. त्यांनी चादरीची घडी माझ्या हातात दिली आणि दुसरी काढायला वळल्या. बोलणं संपलं.

नाटक झालं. बरं झालं. लोकांना आवडलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी गेले तर खोल्यांना कुलूप. शेजारच्या कामगाराची बायको बाहेर आली. मला कन्नड जेमतेमच येत होतं. तिने हातवारे करत, सावकाश सांगितलं. अण्णा वारल्यावर घरच्यांनी भाडं देणं बंद केलं. नवऱ्याच्या गावाकडे एक पडकं घर होतं, तिथे गेली दोघं. गावाचं नाव तिला माहीत नव्हतं. राजाजीनगरात वहिनीला विचारलं, तिनेही धड सांगितलं नाही.

गेले कसे, असं मी त्या बाईला विचारलं. ती म्हणाली, सामानाच्या टेम्पोतून. मागे, उघड्यावर, गादी टाकून त्याला निजवलं होतं. ऊन फार होतं. अक्का त्याच्या उशाशी बसल्या आणि टेम्पो वळेपर्यंत त्याच्या तोंडावर छत्री धरून होत्या. स्वतः उन्हात. आणि तो पायांवर ऊन येतंय म्हणून ओरडत होता.