संत्या, ओपनिंगला आधी कोण?

संत्या, मला तुझा हेवा वाटतो. तू मेलास तरी.

आज चार वर्षं झाली.

आपल्या भाताच्या खाचरात तुझ्या नावाची टूर्नामेंट चालू आहे. कै. संतोष स्मृती चषक. पार टोकावड्यापासून बॅनर लागलेत. फोटोत तुला गोरा केलाय. एवढा गोरा तू हळदीलासुद्धा नव्हतास.

माइकवर सारखं तेच, "संत्यासारखा ओपनर अख्ख्या मुरबाड तालुक्यात झाला नाय!"

झाला होता. मी होतो.

तुला यॉर्कर खेळता येत नव्हता, हे सगळ्या टीमला माहीत आहे. मेल्यावर यायला लागला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीचं पाणी खाली गेलं, भेंडी सुकायला लागली, म्हणून आम्ही पंपाचं डिझेल इंजिन दोराने विहिरीत उतरवून आतल्या टप्प्यावर ठेवलं. सगळेच ठेवायचे. धूर आतच कोंडला. त्या धुरातला जो वायू माणूस मारतो, त्याला ना रंग ना वास. इंजिन मध्येच बंद पडलं, म्हणून बघायला मी उतरलो. मी वर येईना, म्हणून संत्या उतरला.

मी वाचलो. तो गेला.

हेसुद्धा मला ऐकून माहीत. त्या दिवसाचं मला काहीच आठवत नाही.

दवाखान्यातून मी चालत घरी आलो. सगळे म्हणाले, देव पावला. वीस-पंचवीस दिवस बरे गेले.

मग शर्टाची बटणं लागेनात. पाय घासत चालायला लागलो. एकदा मुलीला आणायला निघालो आणि शाळेचा रस्ताच विसरलो.

डॉक्टर म्हणाले, त्या वायूने मेंदूला इजा झालीय, कधी कधी ती अशी मागाहून दिसते.

चिडतो पण फार. परवा आमटीचं पातेलं फेकलं. बायकोने फरशी पुसून घेतली.

आणि लोक काय म्हणतात? "तुला काय धाड भरलीय? धडधाकट तर हायस!"

पहिल्या वर्षी मला स्कोअरर केलं होतं. तीन ओव्हर नीट लिहिल्या. चौथीत बॉल किती झाले तेच विसरलो. भांडणं झाली आणि माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

समोर तू, हार घालून, फोटोत मजेत हसत होतास. खूप शिव्या घातल्या मी तुला.

काल सेमीफायनलच्या आधी राहवलं नाही. तुझ्या मोठ्या भावाला बोललोच, "नामदेवदादा, संत्याचा चषक. नि माझं काय? मी पण त्याच विहिरीत होतो ना?"

दादाने हातातला पाण्याचा पाइप खाली ठेवला.

"तुला आठवत नाय म्हणून आमी बोलत नाय. दोर माझ्या हातात होता. त्याने तुला बांधला. मी वरून बोंबललो, संत्या, आधी तू ये! तर खालून बोलतो, दादा, आज पक्याला आधी पाठव. नायतर परत भांडंल."

"मग?"

"तुला वर घेतला नि दोर परत सोडला. धरायला तो नव्हता."

एवढं बोलून दादा पिचवर पाणी मारायला गेला.

संत्या, ओपनिंगला आधी जाण्यावरून आपण नववीपासून भांडलो. टॉस हरलास की बॅट लपवून ठेवायचास. एकदाही मला सुखाने आधी जाऊ दिलं नाहीस.

सकाळपासून ही पोस्ट लिहितोय. शुद्धलेखन मुलीने बघितलंय.

दादा बोलला ते मी वहीत लिहिलंय, पण वही कुठे ठेवतो ते विसरतो. म्हणून इथे लिहिलं. पुढच्या वर्षी याच दिवशी मोबाइल ही पोस्ट मला परत दाखवेल. तोवर मी सगळं विसरून पुन्हा तुझ्यावर जळत असेन.

मग वाचेन. आणि तू मला आधी पाठवलंस, हे मला परत पहिल्यांदा कळेल.

हेवा अजून आहेच. तुझ्या जागी मी असतो तर तुला आधी पाठवलं असतं का, मला खरंच माहीत नाही.

यॉर्कर मात्र तुला येत नव्हता.

श्रद्धांजली, संत्या.
तुझा पक्या