सहीवरचे सात चेहरे

आमच्या मराठी मंडळाच्या समितीतली माणसं मला आता डोळ्यांसमोर नको होतात. त्या समितीत मीही होतो, त्यामुळे किळस जरा जास्तच आहे.

२०२० साली आम्ही आयर्लंडमध्ये कॉर्कजवळ राहत होतो. मी रिंगास्किडीच्या एका औषध कारखान्यात क्वालिटी विभागात होतो. शेजारच्या घरात एक इंग्रज आजोबा एकटेच राहत. बायको आयरिश, तिच्या माहेराजवळ राहायचं म्हणून इकडे आलेले. ती गेली, हे राहिले. लॉकडाउनमध्ये सत्तरीपुढच्यांनी घराबाहेर पडायचं नव्हतं, म्हणून त्यांचं दूध-पाव मी आणायचो. मधल्या बुटक्या भिंतीवर पिशवी ठेवायची, चार पावलं मागे सरायचं आणि मग गप्पा मारायच्या.

त्यांनी ऐन उमेदीची वर्षं लंडनमध्ये सिनेमाची पोस्टरं रंगवण्यात घालवली होती. सिनेमा बघायला मिळायचाच नाही. हातात सात-आठ काळेपांढरे फोटो पडायचे, आणि नायकाचं डोकं नायिकेच्या डोक्यापेक्षा किती मोठं हवं याची चिठ्ठी. तीन दिवसांत चित्र तयार. "न पाहिलेल्या समुद्रात न पाहिलेली जहाजं बुडवली मी," ते म्हणायचे. पुढे संगणक आला, फोटो चिकटवून पोस्टरं होऊ लागली, आणि यांच्या वाट्याला बिस्किटांचे डबे आले. त्याचं त्यांना फारसं वाटत नसे. सलायचं ते वेगळंच. प्रत्येक चित्राच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ते सही करत, आणि छापताना नेमकी तिथेच नावांची पट्टी बसे. निर्माता, दिग्दर्शक, निर्मात्याचा मेहुणा. सही दिसेल असं एकही पोस्टर कधी छापलं गेलं नाही. मूळ चित्रं कुणी परत दिली नाहीत. आता शौकीन लोक ती चित्रं दुसऱ्याच कुणाच्या नावावर लावतात, आणि यांच्यापाशी पुरावा नाही.

ऐकून मला शिसारी आली. आमच्या कारखान्यात पानापानावर सही आणि तारीख लागते. एक सही राहिली तर अख्खी बॅच अडून बसते. हे सगळं सांगून मी भिंतीपलीकडून मोठं भाषण ठोकलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

ऑगस्टमध्ये मंडळाचा गणेशोत्सव ऑनलाइन करायचं ठरलं. त्याला पोस्टर हवं होतं, म्हणून मी आजोबांना विचारलं. हाताला कंप होता, तरी दोन आठवडे बसले. सोंड कुठल्या बाजूला, मोदक कुठल्या हातात, उंदीर केवढा, सगळं विचारून घेतलं. मग एके सकाळी चित्र भिंतीवर ठेवून म्हणाले, "एकच अट आहे. सही झाकायची नाही. मरायच्या आधी एकदा ती लोकांपुढे गेलेली बघायचीय." मी शब्द दिला.

मी चित्राचा फोटो काढला, वर तारीख आणि लिंक टाकली, अट लिहिली आणि समितीला पाठवलं. तासाभरात ते परत आलं. खाली भगवी पट्टी, तिच्यावर 'शुभेच्छुक', आणि समितीतल्या सात जणांचे सात चेहरे. पुण्यात चौकाचौकांत लटकणाऱ्या फ्लेक्सना नाकं मुरडत आलेली माणसं ही! कुणी चिप बनवतो, कुणी सॉफ्टवेअर. पण जित्याची खोड ती जाते कुठे?

"ओके ना?" अध्यक्षांनी ग्रुपवर विचारलं. खरं सांगतो, मी आधी माझा फोटो बघितला. पट्टीच्या उजव्या टोकाला होता. लग्नातल्या कोटातला, बरा दिसत होतो. मी अंगठा टाकला. सही आठवली ती त्यानंतर, आणि ती माझ्याच चेहऱ्याखाली गेली होती.

सेक्रेटरीला फोन केला. "अरे यार, सगळ्या ग्रुप्सवर गेलंय ते! आता कुठे चेंज करणार? कोपऱ्यात कोण बघतंय? इट्स ग्रँड!" म्हणजे इकडच्या बोलीत 'चालतंय की'. मी "बरं" म्हणालो. परदेशात आपल्याच माणसांत वाईटपणा कशाला घ्या, असं स्वतःला समजावलं. या 'कशाला घ्या'ची आता घाण वाटते.

दुसऱ्या दिवशी मी पोस्टर उघडून फोन भिंतीवर ठेवला. आजोबांनी चष्मा लावून पाहिलं. मग बोट माझ्या फोटोवर नेऊन विचारलं, "हा तूच ना?"

"हो."

"चांगला आलायस," ते म्हणाले आणि पिशवी उचलून आत गेले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

२०२१ मध्ये समितीला पुन्हा पोस्टर हवं झालं. "गेल्या वर्षीच्या त्या बाबांना सांग ना रे," अध्यक्ष म्हणाले. आणि लाज कोळून प्यायल्यासारखा मी गेलो. आजोबा लगेच हो म्हणाले. आठवड्याभरात चित्र भिंतीवर होतं. गणपती आधीपेक्षा देखणा. खालची पट्टी कोरी सोडलेली, तिच्यावर पेन्सिलीने आखलेले सात गोल, सगळे एका मापाचे. सही कुठेच नव्हती. मी कागद उलटून मागेही पाहिलं.

समिती खूश झाली. "या वेळी बरोब्बर कळलं बघ त्यांना आपल्याला काय हवंय ते," अध्यक्ष म्हणाले, आणि ग्रुपवर नवे फोटो मागवले. सहा जणांनी पाठवले. मी पाठवला नाही. त्यांनी माझा गेल्या वर्षीचाच लावला, आणि तो काढा असं मी काही म्हणालो नाही.