डोहातलं औषध आणि सहदेव मास्तरांची दाढ

सहदेव मास्तरांना औषध सापडलं होतं, आणि ते अख्ख्या पोलादपूरला सांगितल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. हायस्कुलात ते विज्ञान शिकवायचे, मी चित्रकला. आमची बिऱ्हाडं शेजारी, त्यामुळे त्यांच्या थोरपणाचा जाच मला इतरांपेक्षा जास्त झाला. कॉलेजात प्राध्यापक व्हायचं त्यांचं राहून गेलं होतं. त्याचा राग दिवसा पोरांवर निघायचा, आणि संध्याकाळी घरी आले की ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. त्यांची बायको नीलाबाई चहा ठेवून जायची, चहा निवायचा.

अठ्ठ्याहत्तर साली त्यांनी पेपरात वाचलं, की शास्त्रज्ञ समुद्रातल्या शेवाळात आणि स्पंजात औषधं शोधताहेत. झालं. समुद्रात औषध आहे तर आमच्या सावित्री नदीत का नसावं, असं म्हणून मास्तर उठले ते थेट हंड्याच्या डोहावर जाऊन बसले. रोज पहाटे पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडायचा, खडकावरचं शेवाळ चाकूनं खरवडायचं, लोणच्याच्या बरण्यांत भरून आणायचं आणि अंगणात नीलाबाईंच्या पापडांशेजारी वाळत घालायचं. त्या वर्षीच्या पापडांना गाळाचा वास येत होता. मी खाल्लेत, म्हणून सांगतो.

चैत्रातल्या एका सकाळी डोहातले मासे उताणे तरंगताना दिसले. मेलेले नव्हते. दारू प्यायल्यासारखे डुलत होते, आणि बादलीतल्या स्वच्छ पाण्यात सोडले की हळूहळू शुद्धीवर येत होते. मास्तरांनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं, की इथलं शेवाळ पाण्यात काहीतरी सोडतं आणि त्यानं भूल पडते. वाडीतला हैबती गुडघाभर पाण्यात उभा राहून तेच मासे टोपलीत भरत होता. हा इतक्या सकाळी टोपली घेऊन कसा आला, असा प्रश्न विज्ञानाच्या मास्तरांना पडला नाही. त्यांनी त्यालाच काठावर बोलावून शेवाळाचं कार्य समजावून सांगितलं. हैबती पक्का बेरकी. मान डोलावत सगळं ऐकून घेतलं आणि दोन-चार मासे मास्तरांच्या हातात ठेवले. मास्तरांनी पुरावा रात्री कालवणात खाल्ला.

मग मुंबईच्या एका प्रोफेसरांना कळवणं आलं. ते सुट्टीत गोव्याला निघाले होते. वाटेत महाडला थांबतो, प्रयोग दाखवा, म्हणाले. मास्तरांची एक दाढ वर्षभर ठणकत होती, ती त्यांनी प्रयोगासाठी राखून ठेवली. हिरडीला शेवाळाचा लेप लावायचा, भुलीची सुई न घेता दाढ काढून घ्यायची, आणि प्रोफेसरांनी ते डोळ्यांनी पाहायचं. जमलं तर मुंबईच्या प्रयोगशाळेत जागा मिळेल, असं ते येता-जाता बोलून दाखवत. फसलं तर काय, हे बोलत नसत. फसलं तर पुन्हा ती भिंत होती. ते नीलाबाईंना दिसत होतं, मलाही दिसत होतं.

महाडला मुराद डॉक्टरांचा दातांचा दवाखाना होता, तिथं नीलाबाई आणि मीही सोबत गेलो. डॉक्टर शहाणे, त्यांनी न सांगता सुई भरून ठेवली होती. प्रोफेसर खुर्चीवर पाय पसरून बसले होते. तेवढ्यात नीलाबाईंनी मास्तरांना बाहेर दाराशी बोलावलं. मी तिथंच उभा होतो.

"अहो, सुई घ्या," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "डोहात औषध नाय. वाडीतली माणसं वरच्या अंगाला गेळाची फळं ठेचून पाण्यात घालतात. मासे त्यानं झिंगतात. आमच्या माहेरी वरंधला पण घालतात."

मी घाटावरचा, मला ही रीत ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला हसू आलं होतं, पण मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते गिळलं. त्यांना पटलं होतं. हैबतीची टोपली त्यांना आत्ता दिसली असावी.

आतून प्रोफेसरांनी किती वेळ, म्हणून विचारलं. मास्तर आत गेले, हिरडीला लेप लावला, सुई हातानं बाजूला सारली आणि म्हणाले, "ओढा, डॉक्टर."

दाढ चिवट होती. मास्तरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते, आणि डोळ्यांतलं पाणी कानांपर्यंत ओघळत होतं. दुखलं का, म्हणून प्रोफेसरांनी विचारलं. तोंडात रक्त घेऊन मास्तर म्हणाले, "कळलंसुद्धा नाही." प्रोफेसर खूश झाले, दोन बरण्या गाडीत टाकल्या आणि गोव्याला गेले. समोरच्या माणसाचे अश्रू ज्याला दिसत नाहीत, त्याला शेवाळात काय दिसणार? पुढं त्यांचं साधं पत्रही कधी आलं नाही.

परतीच्या एसटीत मी मास्तर आणि नीलाबाईंच्या मागच्या बाकावर होतो. मास्तर गालाला हात लावून बाहेर बघत होते.

"तुला कधीपासून ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

"पयल्या दिवसापासून. तुम्ही मासे आणलेत तवापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कुठं इचारलंत? तुम्ही तर सांगत होतात." मग त्या म्हणाल्या, "आनि पहाटं उठत होतात. मला बरं वाटायचं."

मास्तर पुन्हा बाहेर बघू लागले. नीलाबाईंनी त्यांच्या ओठाच्या कडेचं रक्त पदरानं पुसलं.

"फार दुखलं गं," ते म्हणाले.

इतक्या महिन्यांत मास्तरांनी केलेलं तेवढं एकच निरीक्षण मला मान्य आहे.