पिरोजीचा हिरवा

आमच्या घरात पिरोजी हा आधी साडीचा रंग होता. निळा म्हणावं तर त्यात हिरव्याची झाक, हिरवा म्हणावं तर आभाळाकडे झुकलेला. आईची लग्नातली एक साडी त्या रंगाची. जळगावच्या दुकानात कुणी भलताच रंग पिरोजी म्हणून दाखवला की ती तिथल्या तिथे त्याची हजेरी घ्यायची. हे नाव मुळात फिरोजा या खड्यावरून आलंय, हे आम्हाला वडिलांना हृदयाचा झटका येऊन गेल्यावर कळलं.

वडिलांचे भुसावळचे एक जुने मित्र अंगठ्या घडवतात. वडील दवाखान्यातून घरी आल्यावर ते भेटायला आले आणि फिरोज्याची चांदीची अंगठी त्यांच्या बोटात घालून गेले. जाताना म्हणाले, "नाना, आंघोळीला काढून ठेवत जा. आणि आमच्या धंद्यात म्हणतात, माणसावर संकट येणार असलं की हा खडा आधी रंग बदलतो."

प्रेमानंच सांगितलं त्यांनी, पण आईच्या जिवाला घोर लागला. रोज सकाळी ती कपाटातून ती साडी काढायची, पदर वडिलांच्या हाताशेजारी धरायची आणि खडा ताडून पाहायची. मी चिडायची. अगं, दगड आहे तो! पण काही आठवड्यांनी खडा खरंच हिरवट दिसू लागला आणि मीही आईशेजारी उभी राहून तो ताडून पाहू लागले.

"देख, आज आखो हिरवा व्हयना," आई म्हणायची, म्हणजे कालच्यापेक्षा आणखी हिरवा. मग वडिलांचं जिना उतरणं बंद झालं, शिंदखेड्याला काकांकडचं लग्न बुडालं. डॉक्टर सगळं ठीक आहे म्हणाले, तरी वडील जरा खोकले की मी हातातलं टाकून पळायची. रक्त फिरतं राहावं म्हणून आई संध्याकाळी त्यांचे हात तिळाच्या तेलानं चोळायची. खडा जितका हिरवा, तितकं चोळणं जास्त.

एकदा ती मुक्ताईनगरला मुक्ताईला साकडं घालायला गेली, म्हणून तेल चोळायला मी बसले. तेल अंगठीच्या कडेनं आत उतरलं आणि खड्यात जिरलं. कडेचाच भाग सगळ्यात हिरवा होता. आंघोळीला अंगठी काढायचो आम्ही, तेलाला कधीच काढली नव्हती. मला हसू फुटलं, रडूही आलं.

"नाना, हे तेलानं झालंय. उगीच घाबरलात तुम्ही इतके दिवस!"

त्यांनी अंगठीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"खडानं भ्याव नव्हतं माले," ते म्हणाले. "मी रोज सकायमा तुनी मायनं तोंड देखू. तठेच समजे, आज मी जगस का नही."

म्हणजे रोज सकाळी ते खड्याऐवजी आईचा चेहरा वाचत होते. आई आली की तेलाचं आधी सांगायचं, असं ठरवून मी वाटी उचलली. तेवढ्यात ती आलीच. दारातून पाऊल आत टाकताच तिनं त्यांच्या हाताकडे पाहिलं. नाना श्वास रोखून तिच्या तोंडाकडे पाहत होते.